पाच नंबरची राणी

पान सत्त्याण्णववर मी थांबले. कानावरची पेन्सिल काढून हातात घेतली आणि पान पुन्हा नीट पाहिलं.

पानावर दोन राज्यांच्या तहानंतर पाडलेलं नवं नाणं काढलेलं होतं. नाण्यावर दोन चेहरे, एकमेकांकडे बघणारे. शेजारी उभा असलेला म्हातारा मंत्री म्हणतो, या गादीच्या नाण्यावर आजवर एकच राणी असायची, आज पहिल्यांदा दोन राण्या आहेत. आणि आमच्या स्टुडिओनं रंगवलेल्या चित्रात मंत्र्यापुढे उभे होते एक गोरीपान राणी आणि एक नुकतीच दाढी करून आलेले गृहस्थ.

गृहस्थांच्या हनुवटीवर छानपैकी निळसर छटा होती. पुरुषाच्या दाढीची असते तशी.

मी कपाळावर हात मारला. कारण या गृहस्थांचं नाव ओसा होतं, ती डोंगरी राज्याची राजकन्या होती, आणि एकशे अठ्ठावीस पानांच्या पुस्तकात जिथं जिथं ती होती तिथं तिथं आम्ही तिला दाढी करवून आणली होती.

आता आधी माझं काम काय होतं ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई ऑफिसात बसून चित्रांची पुस्तकं वाचायची आणि पगार घ्यायची. तसंच होतं म्हणा. पण त्याला नाव होतं. कोल्ड रीडिंग.

हैदराबादच्या चिक्कडपल्लीत एका टिफिन सेंटरच्या वर दुसऱ्या मजल्यावर आमचा स्टुडिओ होता. पूर्वी तिथं पौराणिक चित्रकथांची छोटी प्रेस होती. राजे, राण्या, राक्षस, ऋषी. मी तिथंच लागले, ब्रश आणि शाई होती तेव्हा. मग नव्वद सालानंतर देशाची दारं उघडली, परदेशातली कामं येऊ लागली, आमच्या मालकांचे चिरंजीव प्रसाद सर यांनी ब्रश गुंडाळून ठेवले आणि कॉम्प्युटर आणले. बाहेरच्या कंपन्या काळ्या रेषांची चित्रं सीडीवर पाठवायच्या, आम्ही रंग भरून सीडी कुरिअरनं परत पाठवायचो. लंडनच्या एका लहान प्रकाशकाचं हे पहिलंच मोठं काम आम्हाला मिळालं होतं. हे पसंत पडलं तर पुढची तीन पुस्तकं आमचीच.

या प्रकाशकाची एक अट होती. सीडी पाठवण्याआधी, ज्यानं ते पुस्तक रंगवताना पाहिलेलं नाही अशा एका माणसानं ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत गिऱ्हाइकासारखं वाचायचं, आणि एक फॉर्म भरायचा. रीडर्स ओपिनियन. प्रश्न चारच. गोष्ट कळली का? चित्रात काही खटकलं का? सर्वात काय आवडलं, काय नाही? आणि शेवटचा, चौथा: हे पुस्तक तुम्ही घरातल्या कोणाला वाचायला द्याल का, कोणाला?

मी क्वालिटी कंट्रोलची हेड. वंदना सोनकांबळे. वडील नांदेडकडचे, रेल्वेच्या नोकरीपायी सिकंदराबादला आले, तेव्हापासून आम्ही इथलेच. रंगवण्याच्या खोलीत मी पाय ठेवायचा नाही असा या कामापुरता नियम केलेला, म्हणून वाचायला मीच. याआधीची दोन बारकी पुस्तकं, एक सशाचं, एक पाणबुडीचं, मी अशीच वाचली होती. चौथ्या प्रश्नाला दोन्ही वेळा लिहिलं होतं, ‘हो, भाचीला.’

तुम्ही म्हणाल, बाई, सत्त्याण्णव पानं होईपर्यंत तुम्हाला कळलं नाही? खरं सांगू का, कळायला हवं होतं. अकराव्या पानावर मारेनची आत्या म्हणते, ‘ती डोंगरावरची पोरगी.’ मारेन म्हणजे नदीकाठच्या राज्याची वारस, गोष्टीची नायिका. मला वाटलं आत्याबाई टोमणा मारतायत, शत्रूच्या राजपुत्राला पोरगी म्हणून हिणवतायत. आमच्या नात्यात असल्या आत्या पैशाला पासरी आहेत. चाळिसाव्या पानावर पुन्हा शंका आली, पण तेवढ्यात ड्रॅगन आला आणि पुढची वीस-बावीस पानं नुसता धूर. शंका त्या धुरातच गेली.

मी उठले आणि फाइलच्या कपाटातून क्लायंटनं पाठवलेलं कॅरेक्टर शीट काढलं. प्रत्येक पात्र पुढून, मागून, बाजूनं कसं दिसतं हे दाखवणारा कागद म्हणजे कॅरेक्टर शीट. ओसा: कापलेले केस, चिलखत, कमरेला तलवार. खाली बारीक अक्षरात, राजकन्या, वर्ण गडद तपकिरी.

म्हणजे लिहिलेलं होतं. वाचलं कोणी नव्हतं. आमच्याकडे कामच तसं चालायचं. आठ-आठ पानांचे गठ्ठे करून सहा जणांना वाटायचे, ज्याचं जे झालं ते दुसऱ्याला. तीस नंबरचं पान आधी, चार नंबरचं नंतर. पात्रांचं बोलणं वेगळ्या लेयरवर, म्हणजे काचेवर काच ठेवावी तसं वरच्या थरावर, आणि रंगवताना तो थर बंद ठेवायचा, नाहीतर कॉम्प्युटर गोगलगाईसारखा चालायचा. सहाच्या सहा जणांनी पुस्तक रंगवलं आणि गोष्ट एकालाही ठाऊक नव्हती. मग रंग कसा ठरवायचा? रंगवण्याच्या खोलीबाहेर भिंतीवर चार्ट होता ना. स्त्री, नंबर एक, गुलाबीसर गोरा. पुरुष, नंबर तीन, गव्हाळ. पुरुषाला हनुवटीवर निळी छटा. म्हातारे, नंबर दोन. नंबर चार, सेवक, कोळी, शिपाई. नंबर पाच, राक्षस.

कापलेले केस, चिलखत, तलवार. चार्टप्रमाणे पुरुष. गडद तपकिरी कोणी वाचलं असतं तरी तो पडतो पाचात, आणि नायक कधी पाच नंबरचा असतो का? म्हणून तीन. सगळं नियमाप्रमाणे, एकाचीही चूक नाही.

चार्ट माझा होता.

प्रेसच्या काळात मी तो बनवला होता, हातानं, पुठ्ठ्यावर, खाली सही करून. तेव्हा मालकांनी पाठ थोपटली होती. पुढे कॉम्प्युटर आले तर तोच चार्ट जसाच्या तसा कॉम्प्युटरात घातला. इतकी वर्षं तो भिंतीवर होता आणि मी रोज त्याच्याखालून ये-जा करत होते. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्याच्यापुढे उभी राहिले आणि माझा हात त्या पुठ्ठ्याला लावून पाहिला.

माझा रंग पाच नंबर. अगदी चौकटीत बसला.

शाळेत स्नेहसंमेलनाला मला कायम राक्षसीण करायचे. दर वर्षी घरी येऊन रडायचे मी. आणि मोठी होऊन मी स्वतःच्या हातानं, पगारी नोकरीत, राक्षसांना माझा रंग दिला होता. कोणी सांगितलं नव्हतं. मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू, की तिथल्या तिथे तो पुठ्ठा फाडावा असं झालं. पण मी शहाण्यासारखी आधी भाग्याला बोलावलं.

भाग्यलक्ष्मी आमची लीड कलरिस्ट, म्हणजे रंग भरणाऱ्या सहा जणांतली प्रमुख. चोवीस वर्षांची, नलगोंड्याची, हाताला विलक्षण सफाई. लीड म्हणून हे तिचं पहिलंच पुस्तक. मला अक्का म्हणायची. आमचं बोलणं तेलुगू, हैदराबादी हिंदी आणि इंग्रजीची भेळ असायची, इथं मी मराठीत लिहिते आहे.

“भाग्या, ही ओसा मुलगी आहे.”

अय्यो म्हणेल, डोक्याला हात लावेल असं मला वाटलं होतं. ती नुसती खाली बघत राहिली.

“तुला माहीत होतं?”

“माहीत नव्हतं अक्का. वाटलं होतं.” ती स्क्रीनपाशी गेली आणि तिनं एकशे एकविसावं पान काढलं. “हे हात बघा. हे बाईचे हात आहेत. मी छटा भरताना दोन वेळा थांबले.”

“मग विचारलं का नाहीस गं?”

“कोणाला विचारू? आणि तुला कैकू इतकी चौकशी, असं उलट विचारलं असतं तर?”

ते पान मी अजून वाचलेलं नव्हतं, म्हणून तिच्या बोलण्याचा अर्थ मला लागला नाही. मी मूर्खासारखी म्हटलं, चौकशी करणं हेच तर लीडचं काम असतं. तिचे डोळे भरून आले. म्हणाली, “अक्का, माझं कन्फर्मेशन या पुस्तकावर आहे.”

ते मला ठाऊक होतं. अख्ख्या ऑफिसला ठाऊक होतं. तिच्या वडिलांनी मुदत घातली होती: दसऱ्यापर्यंत नोकरी पक्की झाली तर राहा हैदराबादला, नाहीतर घरी ये, मामाचा मुलगा लग्नासाठी वाट बघतोय. दसरा तीन आठवड्यांवर होता.

मी प्रसाद सरांच्या केबिनमध्ये गेले. सर माणूस वाईट नव्हता. घाबरट होता. सगळं ऐकून घेतलं, पंख्याकडे बघत बसले, मग म्हणाले, “मॅडम, एक सांगू? राहू द्या तसंच.”

“तसंच म्हणजे?”

“राजा आणि राणी. चांगलं दिसतंय की. नाहीतरी दोन बायकांचं हे लग्नबिग्न… आपल्याकडं असल्यावर बोलणंच नक्को.”

“सर, पुस्तक आपलं नाही. खाली शब्द आहेत, दोन राण्या म्हणून. लंडनमध्ये वाचता येतं लोकांना.”

“मग असं करू,” ते पुढे झुकले. “तुम्ही फॉर्ममध्ये लिहा, नवीन लीडनं चूक केली. ट्रेनी होती. तिला काढलं. पुढच्या वेळी सीनिअर माणूस देऊ. क्लायंट खूश. माणूस काढला की क्लायंटला बरं वाटतं.”

“चार्ट माझा आहे सर.”

“हौ, मालूम है. म्हणून तर सांगतोय. क्वालिटी कंट्रोलची हेडच चुकली म्हटल्यावर राहिलं काय आपल्याकडं? तुमची अठरा वर्षं झालीत इथं. तिचं वर्ष पण नाही झालं. विचार करा. उद्या दुपारपर्यंत फॉर्म द्या.”

मी बाहेर आले. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात पहिला विचार आला तो माझ्या नोकरीचा. पोरीचं वय लहान आहे, तिला दुसरीकडे मिळेल, हाही विचार आला. माणूस स्वतःला किती पटकन समजावतो बघा.

म्हटलं, निदान पुस्तक तर पुरतं वाचू. उरलेली एकतीस पानं घेऊन बसले.

गोष्ट अशी. नदीकाठच्या राज्याचा मुकुट इतका जड आहे की तो घालणाऱ्याला स्वतःचा स्वतः काढता येत नाही. दिवस संपला की दुसऱ्या कोणीतरी तो उतरवावा लागतो. जो उतरवतो तो राणीचा जोडीदार, हीच तिथली रीत, हेच लग्न; लग्नाआधी ते काम घरच्यांचं. मारेनची आई गेल्यापासून मारेनचा मुकुट आत्या उतरवते आहे, पण आत्याचे हात आता थरथरतात. आत्यानं भाचीसाठी चांगली सात राजपुत्रांची यादी केली आहे. आणि डोंगरावरून पाण्याच्या तहासाठी ओसा येते. पुढे भांडण, लढाई, तो ड्रॅगन, मग तह. राजपुत्र येतात, मुकुट उतरवायचा प्रयत्न करतात, मारेनचे केस ओढले जातात, ती दात-ओठ खाऊन बसते. मग एकशे एकविसावं पान. त्यावर एकही शब्द नाही. दरबार संपलेला, मारेन दमून पायरीवर बसलेली, आणि ओसा मागे उभी राहून हळूहळू मुकुट उतरवते आहे. एकशे बावीसवर आत्या दारातून बघते. मला वाटलं आता ही भवानी आकाशपाताळ एक करणार. ती पुढे येते आणि ओसाला एवढंच म्हणते, ‘आधी डावीकडून उचल. उजवीकडून केस अडकतात.’

मला हुंदकाच आला. ऑफिसात, भर दुपारी.

आधी अवघडलेही होते, ते लपवत नाही. दोघी एकमेकींच्या कपाळाला कपाळ टेकवतात ते पान मी जरा घाईनंच उलटलं होतं. आमच्या पिढीला असल्या गोष्टी कोणी सांगितल्या नव्हत्या, चांगल्या शब्दात तर नाहीच. पण त्या आत्यानं मला पकडलं. मी मागे गेले आणि घाईनं उलटलेलं पान पुन्हा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी डबा खायला मी भाग्याला बोलावलं. गच्चीवर, टाकीच्या सावलीत. तिला गोष्ट सांगितली. मुकुटाचं सांगताना तिचा घास हातातच राहिला.

म्हणाली, “अक्का, मी अंबरपेठला राहते ना, सुजाताबरोबर.”

सुजाता मला ऐकून माहीत होती. नर्स. रूममेट.

“ती ड्यूटीवरून येते तेव्हा इतकी दमलेली असते की हात वर होत नाहीत. टोपीच्या, अंबाड्याच्या पिना मी काढते. रोज. ते पान माझ्या गठ्ठ्यात आलं तेव्हा शब्द नव्हते, काही नव्हतं. तरी मला कळलं ते काय आहे.” तिनं घास परत डब्यात ठेवला. “मला नलगोंड्याला जायचं नाही अक्का. मामाचा मुलगा चांगला आहे. पण मला तिच्याबरोबर राहायचं आहे.”

आता कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी डब्याचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं. त्यात लोणच्याची फोड होती ती तिच्या पोळीवर ठेवली. दुसरं काय करावं ते सुचेना.

“जेव,” मी म्हटलं. “मला फॉर्म भरायचाय.”

फॉर्म भरला. पहिल्या प्रश्नाला: गोष्ट कळली, पण उशिरा, कारण आमच्या रंगांनी ती झाकली होती. दुसऱ्याला: ओसाचा रंग आणि हनुवटी सर्व पानांवर चुकली आहे. चूक कलरिस्टची नाही. स्टुडिओचा रंगांचा चार्ट चुकीचा आहे, तो मी बनवला आहे, खाली सही माझी आहे. तिसऱ्याला: सर्वात आवडली आत्या. ड्रॅगन फार लांबला आहे, निम्मा केला तरी गोष्टीचं काही बिघडणार नाही. चौथा प्रश्न मी मोकळा ठेवला. लिहायला गेले आणि पेन थांबलं.

प्रसाद सरांनी वाचलं. चेहरा उतरला.

“मॅडम, हे पाठवलं तर पुस्तक गेलं.”

“आणि नाही पाठवलं तर छापून झाल्यावर जाईल. तेव्हा सीडीवर आपलंच नाव असेल.”

“म्हणून तर म्हणतो, त्या पोरीचं…”

“सर, त्या पोरीचं नाव काढू नका.” माझा आवाज चढला. बाहेरच्या खोलीतल्या खुर्च्यांचा आवाज बंद झाला. “वॉर्निंग द्यायची तर मला द्या. लेखी द्या. पण तिचं कन्फर्मेशन अडवलंत तर मी क्लायंटला तेही कळवीन. फॉर्मवर खाली भरपूर जागा आहे.”

अठरा वर्षांत मी चढ्या आवाजात बोलले नव्हते. मग त्यांनी फोन पुढे ओढला. “तुम्हीच बोला मग.”

क्लेअर नावाची बाई होती तिकडे, प्रकाशकाची संपादक. फोनवर आवाज विहिरीतून यावा तसा यायचा. मी माझ्या साध्या इंग्रजीत सगळं सांगितलं. निळी छटा सांगितली. पाच नंबर सांगितला. पलीकडे पेन खरडल्याचा आवाज येत होता.

मग ती म्हणाली, “तुम्ही पाच नंबर राक्षसांना दिला होता?”

“हो. आणि माझा स्वतःचा रंग पाच नंबर आहे.”

तिनं विचारलं, “पुस्तक तुम्हाला आवडलं का?”

“आत्या आवडली. ड्रॅगन लांबला.”

ती एकदम हसली. म्हणाली, ड्रॅगनबद्दल चित्रकर्ती माझं ऐकत नाही, तुमचा फॉर्म फॅक्स करा, तिला दाखवते. मग आवाज कामाचा झाला. छपाईची तारीख पुढे ढकलता येणार नव्हती. दहा दिवस होते. आधी आठ पानांचा नमुना पाठवा, तो पटला तर बाकीचं करा, नाही पटला तर आम्ही दुसरीकडे बघू.

निळी छटा काढणं सोपं होतं, ती वेगळ्या थरावर होती. अवघड होता वर्ण. आधी सपाट रंग भरतात, त्यावर सावली, त्यावर उजेड. खालचा सपाट रंग बदलला की वरची सावली मळकट दिसते, सगळं नव्यानं करावं लागतं. आणि खरी पंचाईत अशी की आमच्याकडे चांगला तपकिरी नव्हताच. पाच नंबर भीतीसाठी बनवला होता, त्यात हिरवट झाक घातली होती, तीही माझीच अक्कल. भाग्यानं चार वेळा नवा रंग जुळवला. एकदा ओसा आजारी दिसली, एकदा मातीची दिसली.

“अक्का, हात द्या इकडं,” ती म्हणाली.

“कशाला?”

“द्या तर.”

तिनं माझा हात खिडकीच्या उजेडात धरला, मनगटापासून कोपरापर्यंत नीट पाहिला, मग स्क्रीनशेजारी धरून ठेवला. “आतून लाल आहे,” ती पुटपुटली. “हिरवा नाही. लाल आणि थोडा पिवळा.” एका हातानं माझं मनगट, दुसऱ्यानं माउस. अर्धा तास माझा हात अवघडून गेला, पण मी हूं का चूं केलं नाही. रंग तयार झाला तेव्हा तिनं तो ओसाच्या कपाळावर भरला, आणि त्या पोरीच्या चेहऱ्यावर एकदम तेज आलं. खोलीतले बाकीचे पाच जण खुर्च्या सोडून मागे येऊन उभे राहिले. कोणीतरी म्हणालं, “अरे, यह तो सचमुच की रानी है.”

रंग सेव्ह करताना नाव द्यावं लागतं. भाग्यानं टाइप केलं, वंदना अक्का.

मग मी दोन कामं केली. भिंतीवरचा चार्ट काढून कपाटाच्या मागे टाकला. आणि सहाही जणांना बसवून पहिल्यापासून शेवटपर्यंत गोष्ट वाचून दाखवली, आत्याचा आवाज काढून. एक दुपार गेली. प्रसाद सर दारातून म्हणाले, काम सोडून हे काय चाललंय, आणि मुकुटाच्या पानापर्यंत तिथंच उभे राहिले. गोष्ट कळल्यावर त्या पोरांचा हात असा चालला की काय सांगू. नमुना पटला. एकशे अठ्ठावीस पानं नवव्या दिवशी कुरिअरला गेली.

सीडीबरोबर फॉर्मची मूळ प्रत जायची होती. तेव्हा मी चौथं उत्तर लिहिलं: ‘हो. माझ्या ओळखीच्या दोघींना.’

दसऱ्याच्या चार दिवस आधी प्रसाद सरांनी दोन पाकिटं काढली. एक भाग्याला. ती ते वाचून जी जिन्यातून खाली पळाली ती कोपऱ्यावरच्या फोनच्या बूथपर्यंत. दुसरं मला. लेखी वॉर्निंग, रंगांच्या चार्टबाबत हलगर्जीपणा. माझ्या सगळ्या नोकरीतला हा एकमेव मेमो, आणि मी तो जपून ठेवला आहे. पुढची तीन पुस्तकं आम्हालाच मिळाली. तेव्हापासून आमच्याकडे नियम झाला: रंग भरायच्या आधी सगळ्यांनी गोष्ट वाचायची. त्याला एक दुपार लागते. न वाचता भरलं तर दहा दिवस लागतात, हे मी पुढे प्रत्येक नव्या माणसाला सांगत आले.

छापील प्रती आल्या. एकीवर क्लेअरनं ‘वाचकासाठी’ असं लिहून पाठवलं होतं. ड्रॅगन सहा पानांनी कमी झाला होता. त्या सहा पानांवर आम्ही रंगवलेला धूर वाया गेला, त्याचं मला यत्किंचितही दुःख नाही.

ती प्रत घेऊन एका रविवारी सकाळी मी अंबरपेठला गेले. किराणा दुकानाच्या वरची खोली, दारावर दोन नावं, इंग्रजीत. सुजाता नुकतीच ड्यूटीवरून आली होती. सावळी, उंच, डोळ्यांत झोप. भाग्या चहा ठेवायला गेली आणि सुजाता खाली सतरंजीवर बसून पुस्तक चाळू लागली. मी पाहुण्यासारखी खुर्चीवर. तिला चित्रांच्या पुस्तकांचं काही कौतुक नव्हतं, भराभर पानं उलटत होती.

“हा ड्रॅगन कैकू आहे इतका?” तिनं विचारलं.

“आधी याहून जास्त होता,” मी म्हटलं.

मग ती एकशे पंधराव्या पानावर आली. सहा पानं गेल्यामुळे मुकुटाचं पान आता तिथं होतं. तिचा हात थांबला. भाग्या चहा घेऊन आली, कप खाली ठेवले, आणि सवयीनं तिच्यामागे बसून तिच्या अंबाड्यातल्या पिना काढू लागली. मी समोर आहे हे एक क्षण विसरली असावी. मग आठवलं, हात थबकला. मी म्हटलं, “चालू दे गं, चहा निवतोय.”

सुजातानं पान उलटलं. आत्या दारात आली. सुजातानं संवादाच्या फुग्यातलं वाक्य बोट ठेवून वाचलं, आणि पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, “ह्या आत्यांना बरोबर माहीत आहे. डावीकडूनच काढावं लागतं.”